शिकलगार मॅडमचं बोट

आमच्या कॉलेजची स्मरणिका निघते आहे. मजकुराचा कच्चा खर्डा माझ्याकडे साताऱ्याला वाचायला आला, कारण वनस्पतीशास्त्र विभागाचे जे प्रमुख अजून हिंडतेफिरते आहेत त्यांत सर्वांत जुना मी. विभागाच्या इतिहासात एक वाक्य होतं : 'स्पिरुलिना संवर्धनाचा पहिला प्रयोग हाताळणीतील अस्वच्छतेमुळे फसला.' मी ते खोडलं. स्मरणिकेचं काम पाहणाऱ्या तरुण प्राध्यापिकेचा फोन आला. "सर, मग तिथं काय घालू?" मी म्हटलं, "शिकलगार मॅडम घाल." ती म्हणाली, "त्या कोण?"

त्या कोण, हे आमच्याच विभागातल्या मुलीला ठाऊक नसावं, याला मी जबाबदार आहे. म्हणून त्या एका ओळीच्या जागी हे पाठवतो आहे. छापायचं तर सगळं छापा. त्यातलं काही कापणार असाल तर परत पाठवा, मी स्वतः छापून कराडच्या स्टँडवर वाटीन. या वयात मला कोणी काय करणार आहे?

जुबेदा शिकलगार पलूसच्या. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायच्या, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि पुढच्या वर्षाची खात्री नाही. रोज एसटीनं कराडला यायच्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, डोक्यावरचा पदर कानामागं घट्ट खोचलेला. चपलांचा आवाज असा की त्या जिना चढायला लागल्या की वरच्या वर्गातली पोरं वह्या उघडायची. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख कायम हिरवट. ते बोट हेच त्यांच्या बदनामीचं कारण झालं, म्हणून आधी त्याचीच गोष्ट सांगतो.

स्पिरुलिना म्हणजे निळसर हिरवं शेवाळ. सूक्ष्मदर्शकाखाली पेनातल्या स्प्रिंगसारखं दिसतं. सोडा आणि मीठ घातलेल्या पाण्यात, उन्हात वाढतं. गाळून, वाळवून त्याची भुकटी करतात आणि अंगात रक्त कमी असलेल्या मुलींना देतात. विभागामागच्या अंगणात निळ्या पिंपांमधून मॅडमनी ते वाढवलं होतं. मूळ बी त्यांनी स्वतः वेगळं केलेलं, वर्षानुवर्षं बाटलीतून बाटलीत घालून जगवलेलं. रोज सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी प्रत्येक पिंपात बोट बुडवून जिभेला लावायच्या.

एकदा बाहेरून तपासणीला आलेले एक गृहस्थ हे पाहून दचकले. "मॅडम, हे काय?"

"चव बघते. खारट लागलं तर पोरं बरी आहेत. तुरट लागलं तर कुणाचं तरी दुखतंय."

"पण सूक्ष्मदर्शक आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. त्यानं तपासतेच मी. पण आधी ओळखदेख तर करू दे."

त्या पिंपांतल्या शेवाळाला 'पोरं' म्हणायच्या आणि वर्गातल्या पोरांना 'शेवाळ'. "ए शेवाळा, मागं बसून काय वाढतोयस?" अशी हाक ऐकली की अख्खा वर्ग हसायचा, शेवाळासकट.

त्यांचे वडील पलूसच्या बाजारात धार लावायचे. ऊसतोडीच्या दिवसांत त्यांच्या दुकानापुढं कोयत्यांची रांग लागायची. बाकीच्या वेळी पितळी भांडी, मूठ, कडी यांना चकाकी काढून द्यायचे. दुकानामागं दोन हौद होते, हे मॅडम वर्गात दरवर्षी सांगायच्या. एक साध्या पाण्याचा, तो उन्हाळ्यात हिरवागार व्हायचा. दुसरा चकाकी काढताना भांडी बुडवायचा, पितळेची पूड तळाशी बसलेला. तो कधीच हिरवा झाला नाही. लहानपणी त्यांनी वडिलांना विचारलं होतं, अब्बा, ह्यात शेवाळ का येत नाही? वडील म्हणाले होते, "धातू गोळा असतो तवर निजलेला असतो गं. पूड केली की जागा व्हतो."

"माझा सगळा अभ्यासक्रम एवढ्यात आला," असं म्हणून त्या फळ्याकडे वळायच्या. मग खडूनं एक मोठा चौकोन काढायच्या, त्याचे बारीक बारीक तुकडे करायच्या आणि दाखवायच्या, की धातू तेवढाच, पण उघडी पडलेली कड किती वाढली. जेवढी कड जास्त तेवढा तो पाण्याशी, पेशीशी झोंबणार. नॅनो कण म्हणजे काय, हे मला माझ्या पुस्तकांपेक्षा त्या फळ्यावरून जास्त नीट कळलं. आणि कळूनही मी जे केलं ते केलं.

झालं असं, की आमचा एक माजी विद्यार्थी पाण्याच्या टाक्यांचा मोठा वितरक झाला होता. भला माणूस. विभागाला त्यानं नव्याकोऱ्या टाक्या दिल्या. आतल्या थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण, त्यामुळं पाण्यात जंतू वाढत नाहीत, अशी त्यांची ख्याती. मला आनंद झाला. शेवाळ खायचं आहे, मुलींना द्यायचं आहे, मग जितकं निर्जंतुक तितकं बरं. टाक्यांचे वरचे घुमट करवतीनं कापून आम्ही त्या उघड्या केल्या. नारळ फोडला. पिंपांतलं दाट हिरवं पाणी भरपूर ताज्या पाण्यात मिसळून टाक्यांमध्ये ओतलं.

मॅडम त्या दिवशी गावी होत्या, घरात लग्न होतं. परत आल्या, टाकीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "सर, स्पिरुलिना कोण आहे?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"शेवाळ म्हणतो आपण. सवय झालीय. पण आहे कोण ती?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. निळंहिरवं शेवाळ हे शेवाळ नव्हेच. तो जीवाणू आहे. हे मी आयुष्यभर पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवलं आणि जीवाणू मारणारी टाकी आणून त्यात जीवाणू वाढवायला ठेवला. वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकालाच जमेल अशी ही चूक. शेतकऱ्यानं केली नसती, कारण त्यानं टाकीवरचं वाचून विचारलं असतं, की साहेब, ह्यानं हेपण मरंल की.

थोड्याच दिवसांत टाक्या पिवळट पडल्या, पाण्यावर कळकट साय आली. मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. स्प्रिंगा तुटल्या होत्या. स्वल्पविरामासारखे बारके तुकडे पाण्यात पसरले होते, रंग उडालेले.

मी धीर करून म्हटलं, "चांदीमुळंच कशावरून? सोड्याच्या खाऱ्या पाण्यात चांदीचा जोर कमी होतो."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दाट पोरं असती तर कदाचित निभावलीही असती. तुम्ही पातळ करून ओतलीत. थोडी पोरं, भरपूर चांदी. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नका. बघू."

टाक्यांचे कापलेले घुमट विभागामागं पडले होते. त्यातली एक पट्टी त्यांनी कापली. दोन सारख्या बाटल्या घेतल्या, एकच पाणी, एकच बी, एकच खिडकी. एकीत घुमटाची पट्टी, दुसरीत जुन्या निळ्या पिंपाची. बी कुठून आणलं, तर घरून. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या कायम एक बाटली ठेवत. घुमटाच्या पट्टीची बाटली फिकी पडली. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा फिकी पडली. मला दर वेळी दाखवलं. मी दर वेळी मान डोलावली.

इकडे कॉलेजात वेगळंच पसरत होतं. मॅडम कल्चरमध्ये बोट घालतात, म्हणून नासलं. बोटाची गोष्ट फिरत फिरत बोट कुणाचं आहे, इथवर गेली. काय काय बोललं गेलं ते मी इथं लिहीत नाही. जे बोलले त्यांच्या लक्षात असेल.

शेवटी प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. प्राचार्य, संस्थेचे एक संचालक, टाक्या देणारा आमचा विद्यार्थी, मी. मॅडमना बोलावलं. प्राचार्यांनी विचारलं, "तुम्ही त्यात बोट बुडवता, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"मग नासणारच ना, मॅडम."

मॅडमनी पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एक गर्द हिरवी, एक दुसऱ्यांदा उकळलेल्या चहापत्तीच्या पाण्यासारखी फिकी. म्हणाल्या, "दोन्हीत बोट माझंच आहे. आज सकाळीच बुडवलंय. फरक फक्त पट्टीचा आहे. बोटानं मरत असतील तर दोन्ही मरायला पाहिजेत."

आमचा विद्यार्थी फिक्या बाटलीकडे बघत राहिला. तो काही बोलला असता असं मला आजही वाटतं. पण प्राचार्य माझ्याकडे वळले. "सर, विभागप्रमुख तुम्ही. तुमचं मत?"

त्या विद्यार्थ्यानं विभागाला नवी प्रयोगशाळा बांधून द्यायचं कबूल केलं होतं. नकाशा माझ्या खिशात होता. टाकी निवडली मी, नारळ फोडला मी. मी म्हटलं, "अजून तपासावं लागेल."

एवढंच बोललो. खोटं एक अक्षर नाही त्यात. शास्त्राच्या माणसाला शोभणारं वाक्य आहे, आणि त्याच्याइतकं नीच वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. चिडल्या नाहीत. "तपासा की सर," त्या म्हणाल्या. "टाकी तुमच्याजवळ, बाटली तुमच्याजवळ, डोळेही तुमचेच." हिरवी बाटली पिशवीत टाकली, फिकी तिथंच ठेवली आणि चपला वाजवत गेल्या. पुढच्या वर्षी त्यांना तास मिळाले नाहीत. प्रयोगशाळा झाली. चांगली झाली. मी तिथून निवृत्त झालो.

त्यांचं पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. पलूसच्या बाहेर द्राक्षबागांच्या कडेला त्यांनी एक बेदाण्याची शेड घेतली. द्राक्षं वाळवायला त्या शेडमध्ये एकावर एक जाळ्या ताणलेल्या असतात. हंगाम सरला की शेड रिकामी. मॅडमनी शेजारी सिमेंटचे उथळ हौद बांधले आणि गावातल्या बायका गोळा केल्या. शेवाळ मांजरपाटातून गाळायचं, पिळायचं, घरच्या सोऱ्यातून शेवयांसारखं जाळ्यांवर पाडायचं आणि सावलीत वाळवायचं. चकली पाडता येणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही, असं त्या म्हणत.

एकदा सांगलीत एका शेतकरी मेळाव्यात मी मागच्या रांगेत बसलो होतो. व्यासपीठावरचे वक्ते नॅनो खतांवर तुटून पडले होते. सगळं विष आहे, म्हणाले, आणि ह्या पलूसच्या मॅडमना विचारा, त्यांनी भोगलंय. टाळ्या पडल्या. मॅडम समोरच्या रांगेतून उठल्या.

"मी असं कधी म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "लोखंडाचे बारीक कण बेतानं दिले तर माझं शेवाळ चांगलं फोफावतं. तेच जास्त झाले की मरतं. तांब्याच्या बाबतीत तर जराही चुकून चालत नाही. कुठला धातू, किती बारीक, किती, आणि कुणाच्या पाण्यात, एवढं सांगा आणि मग टाळ्या घ्या."

वक्ते म्हणाले, "मॅडम, आम्ही तुमच्याच बाजूनं बोलतोय."

"माझ्या बाजूनं चुकीचं बोलू नका. विरुद्ध बोला, पण बरोबर बोला."

त्या दिवशी त्यांच्या जवळ जावं असं वाटलं. गेलो नाही. दाराच्या गर्दीत मिसळून बाहेर पडलो.

गेल्या हिवाळ्यात मात्र गेलो. गुडघे दुखतात, तरी साताऱ्याहून एसटीनं कराड आणि तिथून पलूस. शेडवर पोचलो तेव्हा मॅडम आत होत्या. मंगलताई म्हणून त्यांच्या गटातल्या जुन्या बाई आहेत, त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि मी कोण ते न विचारता गप्पा सुरू केल्या. शेजारच्या बागेचे मालक फौजेतून आलेले सुभेदार. त्यांचं आणि मॅडमचं भांडण कसं झालं, ते मंगलताईंनी दोघांचे आवाज काढून सांगितलं.

सुभेदारांनी द्राक्षांवर तांब्याचं नवं नॅनो औषध मारायला घेतलं आणि वाऱ्यानं ते हौदांवर आलं. कडेचे दोन हौद पिवळे झाले. मॅडम तडक बागेत.

"आवं मॅडम, माजी बाग, माजा पंप. आनि औषध लय बारीक हाय, दिसत बी न्हाई."

"दिसत असतं तर भांडले नसते सुभेदार. चिमट्यानं वेचून काढलं असतं."

"मग काय, रोग येऊ द्यू बागंवर?"

"मारा की. मी औषध बंद करा म्हटलं का? मारायच्या आधी सांगा, एवढंच."

"सांगू कसं? फोन उचलत न्हाई तुमी, हात ओले असत्यात म्हणं."

मग सुभेदारांनी घरातून आपली फौजेतली शिट्टी आणली. तेव्हापासून पंप सुरू करण्याआधी ते शिट्टी वाजवतात आणि बायका बेदाण्याच्या ताडपत्र्या घेऊन हौदांकडे पळतात. मॅडम हात वर करून उभ्या राहतात. शेवटचा हौद झाकला की हात खाली, मग पंप.

"लय ऐकतोय आता," मंगलताई म्हणाल्या. "पर गावात अजून कोन ना कोन इचारतंच. ह्या त्याच न्हवं, घाण हाताच्या मॅडम? कॉलेजातनं काढलेल्या? शाळंच्या पोरींना भुकटी द्यायचं ठरलं हुतं, त्ये बी त्यावरनंच अडलं. कुन्या मेल्यानं उठवलं देव जाणं."

मी तांब्या खाली ठेवला.

मॅडम बाहेर आल्या. केस पांढरे झालेले, खांदे तेच. मला ओळखून म्हणाल्या, "सर, गुडघ्यानं एवढं लांब येऊ दिलं?" मी जे बोलायला आलो होतो ते उभ्याउभ्याच बोललो. चूक माझी होती, बोट निर्दोष होतं, मला माहीत होतं. त्यांनी मधेच थांबवलं.

"हे मला कशाला सांगता? मला माहीत आहे की. ज्या खोलीत बोलला नाहीत, तिथं सांगा."

"ती माणसं आता राहिली नाहीत, मॅडम."

"माणसं नसतात. खोली असतेच कुठंतरी."

मग जणू काहीच बोलणं झालं नाही अशा त्या मला हौदाकडे घेऊन गेल्या. काठीच्या टोकाला पांढरी चकती लावलेली होती. ती पाण्यात सोडायची आणि किती खोल गेल्यावर दिसेनाशी होते ते बघायचं. लवकर दिसेनाशी झाली म्हणजे पीक दाट. चकती बुडता बुडताच नाहीशी झाली. "तयार आहे," त्या म्हणाल्या. "बुडवा बोट."

इतकी वर्षं त्यांच्या शेजारी काम केलं, मी कधी चव घेतली नव्हती. मी हात पुढं केला.

"अंगठी काढा आधी."

माझ्या बोटात मोत्याची अंगठी आहे, राग आवरावा म्हणून बायकोनं घालायला लावलेली. चांदीची. अंगठीएवढ्या घट्ट चांदीनं हौदाला काही होत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या हसत नव्हत्या. मी ओढून पाहिली. म्हातारपणानं सांधा सुजलेला, अंगठी हलेना. मंगलताई तेल आणते म्हणाल्या.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "दुसरा हात आहे की."

मी डाव्या हाताचं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"तपासलं?" त्यांनी विचारलं.

"खारट आहे."

"मग पोरं बरी आहेत."

तेवढ्यात बागेकडून शिट्टी झाली. बायका ताडपत्र्या घेऊन धावल्या. मॅडम ओरडल्या, "सर, ते टोक धरा, वाऱ्याकडचं." मी धरलं. माझ्याकडची ताडपत्री सारखी फडफडत होती, हौदाचा एक कोपरा उघडा राहत होता. मी कसाबसा गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी तो दाबून धरला. मान वर केली तर मॅडम पलीकडे पाठमोऱ्या उभ्या होत्या, हिरव्या नखाचा हात बागेच्या दिशेनं वर केलेला. त्यांनी मागं वळून माझ्या कोपऱ्याकडे एकदा बघितलं.

तो हात खाली येईपर्यंत पंप सुरू झाला नाही.